साका येण्याआधी

पोग्साच्या हातची ज्वारीची बिअर नांदोमच्या बाजारात लोक न चाखता घेत. मडकं तिरपं करून वरची निवळ तेवढी बाटलीत ओतायची, आणि तळाचा साका काठाशी आला की हात आवरायचा, हे तिनं चाळीस वर्षं केलं. साका ठेवायचा पुढच्या खेपेच्या विरजणाला. बाटलीत जादा गेला तर बूच मारल्यावरही आत खदखदत राहतो नि बाटली फोडतो.

तशी काल फुटली. बायुओ ड्रायव्हरच्या मांडीवरच.

"मावशे, आख्ख्या गाडीला वाटलं मी मुतलो!" सकाळीच तो अंगणात येऊन ओरडला. "अजून एक फुटली तर मी दुसरीकडनं घेणार. दुपारी येतो. सहा भरून ठेव."

"तुझ्या गाडीचं दणकंच तसलं," पोग्सा म्हणाली. पण तिला ठाऊक होतं. दोन पावसाळे झाले, डोळ्यांवर पडदा आला होता. साका नि निवळ दोन्ही सारखंच दिसे. सांगावं तर मडकं हातातनं जाणार, आणि मडक्याबिगर पोग्सा म्हणजे सावलीला बसवलेली एक म्हातारी.

दुपारी ती भिऊन तीन बाटल्यांवरच थांबली.

"आत्याबाई, अजून अर्धं मडकं निवळ हाय की," सून तुओबे म्हणाली. मग तिनं सासूच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं. "कवापासनं?"

"गप. त्यो आला बघ. जवळ हुबी ऱ्हा. साका दिसला की माझा पाय दाब. तोंडातनं शबूद काडू नगंस."

बायुओ समोर उकिडवा बसला. चौथी भरली, पाचवी भरली. सहावी गळ्याशी आली आणि तुओबेनं टाच अशी रोवली की म्हातारी कळवळली. पण मडकं वेळेवर सरळ झालं. बायुओनं बाटली उन्हाला धरली.

"हां! ही मावशीच्या हातची," म्हणत तो सहाही घेऊन गेला.

पोग्सा बराच वेळ पायाचा अंगठा चोळत बसली. हात खरा तिचाच होता, पण थांबवला दुसरीनं. असं किती खेपा पाय तुडवून घ्यायचा? आणि एखाद्या दिवशी तुओबे पाण्याला गेलेली असली तर?

"फुडल्या खेपंला तू वत," ती म्हणाली.

"आन् तुमी?"

"मी शेजारी बसते. शिव्या द्यायला कुनीतरी पायजेच की."