डॉक्टरी सोडायला निघालेली नात

नात डॉक्टर झाली तेव्हा मी बाभुळगावच्या बाजारात पेढे वाटले. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाच्या घरात डॉक्टर निपजली, म्हणून छाती फुगली, आणि ती मी कोणापासून लपवली नाही. लपवायची काहून? पुढं ती बाळंतपणाची मोठी डॉक्टरी शिकायला सरकारी दवाखान्यात लागली. तिथं शिकायचं आणि राबायचं, दोन्ही एकाच वेळी.

गेल्या दिवाळीआधी ती सुट्टीवर घरी आली आणि आली तशी झोपली. जेवायला उठवलं तर ताटावर डुलक्या घेई. हात साबणानं फाटलेले, उन्हाळ्यात नांगरणाऱ्याचे फाटतात तसे. माझी सून, म्हणजे तिची आई, मला हळूच म्हणाली, ‘‘मामाजी, पोरीले झोपू द्या. आली म्हणून कोणाले सांगू नका.’’

मी तोवर सांगून बसलो होतो. पारावर, पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत. दुसऱ्या सकाळी अंगण भरलं. कोणाच्या हातात एक्स-रेची पिशवी, कोणाच्या पदरात गोळ्यांची रिकामी पाकिटं. एका म्हाताऱ्यानं तर लंगडणारा बैल आणला. मी त्याला समजावलं की बाबा, ही माणसांची डॉक्टर, त्यातही बायांची. तो म्हणाला, ‘‘मंग एवढे वर्ष शिकली काय?’’ नात हसली नाही. तिनं सगळ्यांना तपासलं, बैलाच्या खुरातला काटाही काढून दिला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सुनेनं माझ्याशी बोलणं टाकलं. पण चूक झाली असं मी आजही म्हणत नाही. ज्याच्या घरी विहीर, त्याच्या दारी लोक घागर घेऊन येणारच.

त्याच दिवशी जेवताना नात म्हणाली की ती आता परत जाणार नाही. रडणं नाही, आदळआपट नाही. वरण वाढा म्हणावं तशा आवाजात म्हणाली.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. गाव काय म्हणेल, एवढ्या वर्षांची मेहनत मातीत जाईल, असं बरंच. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘आबा, आजी गेली तेव्हा मी कुठं होती?’’

ती तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी सुनेचं बाळंतपण करत होती. माझी बायको दाराकडं पाहत पाहत गेली, आणि नात पोचली तेव्हा आम्ही राख सावडून आलो होतो. चुलत बहिणीच्या लग्नाला तिला येता आलं नाही. सोबतच्या मैत्रिणी लेकुरवाळ्या झाल्या आणि ही अजून परीक्षाच देत राहिली. डॉक्टरी म्हणजे मानाची गादी, असं आम्हा लोकांना वाटतं. त्या गादीवर बसणाऱ्याला टेकायला मिळत नाही, हे घरात डॉक्टर असल्याशिवाय कळत नाही.

दोन-चार दिवसांत आमच्या वावरात सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडं वावरात पाच दगड मांडतात, हळद-कुंकू वाहतात, आणि दहीभात चहूकडं शिंपडतात. शेत दह्यासारखं पांढरं फुलावं, एवढंच मागणं. हा मान घरच्या बाईचा. माझी बायको होती तोवर तिनं तो कोणाला दिला नाही. या वर्षी सून करणार होती. मी हट्ट धरला की नातीनंही वावरात यायचं. ती आली, पण माझ्यावर उपकार करावे तशी.

पूजा झाली. वेचणीच्या बाया बाहेरगावाहून टेम्पोनं आल्या होत्या. त्यांतली एक उंच धिप्पाड बाई कापूस टाकायची ओटी कमरेला बांधता बांधता थांबली, नातीकडं पाहत राहिली, आणि सरळ तिच्यापुढं येऊन उभी ठाकली.

‘‘मॅडम, तुमी मले दवाखान्यातून बाहेर हाकललं होतं.’’

मी काठी घेऊन उठलो. आता ही बाई पोरीला काय काय ऐकवते, या धास्तीनं सून पुढं सरकली. नात गोंधळली. बाई सांगत सुटली. तिच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, ही मधामधात बोलत होती, तेव्हा या मॅडम कडाडल्या की मावशी, चूप बस, नाही तर बाहेर हो.

‘‘म्हटलं असेल,’’ नात म्हणाली.

‘‘लय राग आला मले. गावात जाऊन शिव्या देल्या तुमाले.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय? ते पाहा.’’ तिनं वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या निंबाकडं बोट केलं. फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती आणि एक तरुण पोरगी झोका देत होती.

नात झोळीपाशी गेली. कौतुक नाही, पापा नाही. लेकराचे डोळे पाहिले, पोट दाबलं, पायाचे तळवे पाहिले. मग त्या पोरीला विचारत गेली, लसी झाल्या का, अंगावर पाजते का. काजळ पाहून ती जी बिघडली! डोळ्यात हे कायले भरलं, कोणं सांगितलं, पुसून टाक आधी. कित्येक दिवसांत तिचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता. वेचणीच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ती धिप्पाड बाई म्हणाली, ‘‘अश्शाच ओरडल्या होत्या.’’

नंतर नात माझ्याजवळ धुऱ्यावर येऊन बसली. ती म्हणाली की तिला ना ही बाई आठवते, ना हे लेकरू. ‘‘वाचलेले घरी निघून जातात, आबा. जे नाही वाचले, त्यांचे चेहरे मात्र सगळे पाठ आहेत.’’

मी म्हटलं, ‘‘वाचलेले इकडं राह्यतात, बाई. वावरात, बाजारात, एसटीत. तुले दिसत नाही, आमाले रोज दिसतात.’’

ती उठली. बायांसोबत कपाशीच्या तासात शिरून कापूस वेचू लागली. सवय नाही, बोंडांनी बोटं ओरबाडून घेतली. मी थांबवलं नाही.

सुट्टी संपली त्या सकाळी तिनं पिशवी भरली. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, ‘‘जाते आबा. पण तुमच्यासाठी नाही हं.’’

मला वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. माझ्यासाठी गेली असती तर एखाद्या कठीण दिवशी माझा राग येऊन ती पुन्हा घरी आली असती. ज्यांच्यासाठी गेली, ते तर रोज तिच्या दारात उभे राहणार. हरवलं ते भरून येईल असं मी म्हणत नाही. माझी बायको काही परत येत नाही. पण पारडं रिकामं नाही, एवढं मी वावरात बसून पाहिलं.

एसटी हलल्यावर सून म्हणाली, ‘‘वाळली हो पोरगी.’’

‘‘वाळली,’’ मी म्हटलं, ‘‘पण चढताना जागेसाठी कंडक्टरसंगं भांडली, पाह्यलं ना?’’

सून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्यासंगं हसली.