पाण्यावरची टाळी

मी मास्तरांना फसवलं. सोनबालाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही—बायकोला नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही नाही.

मास्तर मूळचे कोकणातले, समुद्राकाठचे. गोंदियाच्या शाळेत शिकवायला आले, ते वीस वर्षं घरी परतलेच नव्हते. संध्याकाळी माझ्या धानाच्या गिरणीवर चहाला यायचे. मी डोक्यावर पोती वाहून ती गिरणी उभी केली. कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "शेठ, जे विकता येत नाही ते तुम्हाला दिसतच नाही." सगळे हसले. मीही हसलो—पण ते वाक्य मनात धरून ठेवलं. खोटं होतं म्हणून? की खरं होतं म्हणून?

त्या हिवाळ्यात खबर आली—नवेगावच्या बांधात, त्या मोठ्या तळ्यात, कधी न पाहिलेले पांढरे पक्षी उतरलेत. लाल चोच, लाल पाय. मास्तरांनी कप खाली ठेवला. "कुरव," म्हणाले. "समुद्रावरचे. आमच्या घरामागं असायचे." त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

छोट्या लाईनच्या पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो—मास्तर, मी आणि आमचा मित्र, कामठ्याचा देवाजी. पुढं बैलाची रेंगी. काठावर सोनबा ढिवर डोंगा घेऊन उभा. एका खोडाचा डोंगा. त्याच्याशिवाय एकच माणूस मावणार. पक्षी होते दूर, गवताच्या बेटापलीकडं.

"मी नाई बसत बापा," देवाजी म्हणाला. "माह्या बायकोले एवढ्यात रांडव नाई करत."

उरलो दोघं. अशा वेळी आमच्याकडं धानाच्या काड्या धरतात—आखूड ज्याची, तो आधी. काड्या मी धरल्या, दोन्ही सारख्याच. मास्तरांनी एक ओढली. मुठीतली माझी मी अंगठ्याच्या नखानं तोडली.

मला पक्ष्यांचं काय होतं? काही नाही. मास्तरांच्या आधी जायचं होतं, बस.

सोनबा उभ्यानं बल्ली चालवत होता. असा हात मी पुन्हा पाहिला नाही—बांबू पाण्यात जायचा, निघायचा, आणि पाण्याला पत्ता नाही. गवताआड डोंगा थांबला. समोर वीसेक कुरव. धुतलेल्या तांदळासारखे, पाठीवर राख फुंकरल्यासारखी, आणि कानामागं काजळाची तीट—आईनं लावावी तशी. लाटेबरोबर वर जात, खाली येत. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीचा मनात भाव केला नाही.

"परतू जी," सोनबा कुजबुजला. "मास्तर वाट पाहून राह्यले."

आता हे मास्तर पाहणार. आणि गिरणीवर बसून माझ्यापेक्षा चांगलं सांगणार—

मी टाळी वाजवली. वाळत्या धानावरची पाखरं उडवायला रोज वाजवतो ती, तळवे पोकळ धरून. सगळे एकदम उठले. पंखांतून ऊन आरपार दिसलं. एक वळण घेतलं आणि डोंगरापलीकडं गेले. जातानाही किती देखणे!

काठावर मास्तर उभेच होते. मी म्हणालो, "यानं बल्ली आपटली डोंग्यावर."

सोनबानं माझ्याकडं पाहिलं. मग खाली. "हो जी. चुकलं माह्यं." शेठपुढं तो दुसरं काय बोलणार होता?

"काऊन बे सोनबा," देवाजी हसला, "पक्षी दाखवाले आणलं का मासे हाकलाले?" ती थट्टा गावात पसरली. पुढं पाहुणे आले की लोक म्हणायचे, सोनबाचा डोंगा नको. तळ्यावरचा सगळ्यात हलका हात तो!

मास्तर त्याला एवढंच म्हणाले, "असू दे. पुढच्या हिवाळ्यात येतील." आले नाहीत.

पुढं एकदा मास्तर गिरणीवर बसले असताना अंगणात धानावर चिमण्या उतरल्या. मी टाळी वाजवली. मास्तरांनी मान वर केली.

"शेठ," ते शांतपणे म्हणाले, "पाण्यावर ही फार लांब ऐकू जाते."

आणि चहा प्यायले. दुसऱ्या दिवशीही आले. शेवटपर्यंत येत राहिले, पुन्हा तो विषय नाही. मला तेव्हाच सगळं कबूल करता आलं नसतं? आलं असतं.

मास्तर गेले. सोनबाही गेला—चुकल्या हाताचा हेच नाव घेऊन. देवाजी अजून आहे. देवाजी, तू चुकीच्या माणसाला हसलास. ये, आणि नवेगावच्या लोकांदेखत जाब माग—सोनबाच्या नावाचा. तो मला द्यायचा आहे.