शिट्टी झाल्यावर

कुकरचं झाकण उडून माझा हात भाजला, त्याला आता वर्ष होईल. हात बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "कातडी छान आली हो." भेटायला आलेल्या बायका 'थोडक्यात निभावलं' म्हणत बिस्किटांचे पुडे ठेवून गेल्या. थोडक्यात म्हणे! आमच्याकडे हल्ली भात पातेल्यात शिजतो. पण सकाळी साऱ्या बिल्डिंगचे कुकर बोलू लागतात, आणि शिट्टी कुणाच्याही घरातली असो, मी हातातलं टाकून दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेते. वेडेपणा आहे हे कळतं, तरी हात थांबत नाहीत. भाजलेल्या हाताला लावायला डॉक्टरांनी मलम दिलं होतं. या थरकापाला काय लावायचं, ते मी विचारलंच नाही. कुणाला विचारणार?

आज माझी चार वर्षांची लेक भातुकली मांडून बसली होती. इवल्याशा कुकरमध्ये तिने चुरमुरे भरले, झाकण लावलं, 'शूऽऽ' केलं, आणि लगेच दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं.

"काय गं, काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही," ती तळव्यांआडून म्हणाली. "भात झाला."