टपालगाडीने वाकवलेलं मडगार्ड

आज दुपारी चौक गावात ढाब्याबाहेर टपालाच्या गाडीने मागे येताना माझ्या उभ्या जुन्या स्कूटरचं मडगार्ड वाकवलं. लागलं कुणालाच नाही.

"मिटवा ना जागच्या जागी," ढाब्यावरचे लोक म्हणाले. ड्रायव्हरदादा ऐकेनात. "नाय ताई, कायदा हाय. न कळवता गेलो तर नोकरीवर बेतंल." त्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला.

आम्ही चहा घेत थांबलो. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी आपणहून मडगार्ड ठोकून सरळ केलं.

हवालदार आले, स्कूटरभोवती फिरले. "अपघात कुठाय?"

ड्रायव्हरदादांचा चेहरा पडला. काका हातोडी घेऊन पुढे झाले. "साहेब, परत वाकवू का?"

हवालदारही हसले. नोंद मात्र रीतसर झाली आणि टपाल पुढच्या गावाला गेलं.

तुमच्याकडे आधी कोण पोचतं, पोलीस की गॅरेजवाला?