मी मुकादमाला सांगितलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. आज तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

साठ सालाच्या आसपास अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, मी आणि पारबती शेजारशेजारच्या रेच्यांवर कापूस टाकायचो, सरकी वेगळी करायला. राहायचोही एकाच वस्तीत.

तोवर आमच्याकडे पोरं जगायला लागली होती. आमच्या आयांची निम्मी देवी-पटकीत गेली. आमची सगळी अंगणात खेळत होती. चांगलंच ना ते? पण रेचे होते तेवढेच राहिले. हंगामाला फाटकापाशी दरसाल बाया वाढत — पार दर्यापूरकडून आलेल्या, वयात आलेल्या पोरी सोबत घेऊन.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला त्या सकाळी पारबती कानाशी लागली. "मले चौथा महिना चालू हाय. लुगडं कसून नेसली. कोनाले सांगू नको, माय."

तिला पाच लेकरं. मला तीन.

मुकादम रांगेतून फिरत आमच्यापाशी थांबला. "यंदा बाया लई झाल्या. तुमच्या दोघीतली एकच ठेवतो." आणि पुढे गेला.

मग मी काय केलं? — थांबा, सांगते. पारबती पाणी प्यायला गेली, तेवढ्यात मी त्याच्यामागे गेले. म्हटलं, "थे पोटुशी हाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आन् तू?"

"नाही."

मला दुसरा महिना होता.

पारबतीला फाटकाबाहेर काढलं. संध्याकाळी ती माझ्याकडेच रडत आली. "त्याले कसं समजलं व?" मी म्हटलं, "त्याची नजरच तशी." आणि माझ्याच पदरानं तिचे डोळे पुसले — पुसले मी!

ती रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला गेली. चैत्रात तिला मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढीशी. मी हंगाम पुरा केला. कसून नेसायचं कसं, ते तिच्याकडूनच कळलं होतं.

ज्येष्ठात माझ्या बाळंतपणाला तान्ही मुलगी घेऊन धावून आली ती पारबतीच. मुलगा झाला — पुऱ्या दिवसांचा, भरल्या अंगाचा. तिनं त्याला दोन्ही हातांवर घेतलं. ओठ हलत होते. ज्येष्ठ, वैशाख, चैत्र... महिने मागे मोजत होती.

"दिवाळीले तुले दिवस होते," ती म्हणाली. विचारलं नाही. नुसतं म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं.

तिनं पोराला न्हाऊ घातलं, गुंडाळून माझ्या कुशीत ठेवलं, आपली मुलगी उचलली आणि गेली. पुन्हा कधी माझ्या दारात आली नाही. मीही तिच्याकडे गेले नाही. मध्ये दोनच घरं होती.