न कापलेला डावा हात

आधीच सांगून टाकते... भुताखेतांवर, संकेतांवर माझा कवडीचाही विश्वास नव्हता. मी जालन्याला एका क्लासमध्ये अॅनिमेशन शिकवते. पडद्यावर जे हलतं ते कोणीतरी मान मोडेपर्यंत बसून, चित्रं काढून हलवलेलं असतं — यावरच माझं पोट चालतं. 'चित्र आपोआप हललं' असं कोणी म्हणालं असतं तर सगळ्यात आधी मीच हसले असते. हसलेच होते. त्याचंच हे सगळं आहे.

आमचं घर देऊळगाव राजाला. गल्लीच्या तोंडाशी गफूरचाचांचं बाइंडिंगचं दुकान. शाळेची रजिस्टरं, पोथ्या, कुराण... गावातल्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी त्यांनीच शिवलेल्या. त्यांची मुलगी नसरीन माझी पहिलीपासूनची मैत्रीण. लग्न होऊन ती पिंपळगाव राजाला गेली, शेतीच्या घरात.

चाचांकडे वडिलोपार्जित एक हस्तलिखित होतं, जुन्या दखनी किश्श्यांचं, रंगीत चित्रांचं. बघून गेलेले जाणकार म्हणाले, तीन-चारशे वर्षांचं तरी असेल. त्यातला हिरवा रंग कागद खातो, म्हणून चाचा दरवर्षी त्या जागी मागून पातळ कागद चिकटवायचे. मी म्हटलं, पानं संपायच्या आधी याचं काहीतरी करू. ऑगमेंटेड रिअॅलिटी — म्हणजे फोनचा कॅमेरा पानावर धरला, की फोनमध्ये पानावरची माणसं हलायला लागतात. चाचांना आधी पटेना, मग त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त घाई झाली.

पहिलं पान घेतलं बागेचं. हिरव्या ओढणीची एक बाई उजव्या हातातल्या बधन्याने, म्हणजे तोटीच्या लोट्याने, झाडाच्या मुळाशी पाणी घालतेय. डाव्या हाताने फांदी धरलीय. आमच्या कामात चित्राचे तुकडे कापावे लागतात — दंड वेगळा, मनगट वेगळं, मान वेगळी. आणि तुकडा हलला की मागे पांढरं भोक पडतं, ते आपणच रंगवून भरायचं. मी फक्त उजवा हात, मान आणि कंबर कापली. डावा हात फांदीसकट तसाच ठेवला. कंटाळा केला म्हणा ना!

बाई वाकते कशी, हे बघायला नसरीनचा व्हिडिओ काढला. ती ईदला माहेरी आली होती. अंगणातल्या डाळिंबाला तिने बधन्याने पाणी घालून दाखवलं. मी तिसऱ्यांदा करायला लावलं तेव्हा म्हणाली, "काऊन बे, माह्या बापाचं झाड सडवतं का?" लग्नानंतर तिच्या बोलण्यात 'का'च्या जागी हे खामगावकडचं 'काऊन' शिरलं होतं. आम्ही तिला त्यावरून जाम चिडवायचो.

तिच्यावरून मी चोवीस चित्रं काढली. झकास जमली. पानावरची बाई नसरीनसारखी वाकायची, नसरीनसारखीच मनगटाने कपाळ पुसायची. चाचा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते दाखवायचे.

ते बोंडअळीचं साल होतं. बीटी कपाशीला अळी लागत नाही म्हणून जो तो बीटीच लावायचा, आणि बोंड फोडून बघावं तर आत गुलाबी अळी. लोक मिळेल ते औषध मिसळून फवारत होते. कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, फवारा तोंडावरच यायचा. नसरीन फोनवर सांगायची, नवरा पंप मारतो, मी बादल्या भरून औषध कालवते. मी 'तोंडाला बांधत जा गं' म्हणायचे आणि विषय बदलायचे.

मंगळवार होता, दुपारचे दोन-सव्वादोन. चाचांच्या दुकानात मी पानावर फोन धरला. बाई वाकली, पाणी घातलं, सरळ झाली... आणि तिचा डावा हात फांदीवरून सुटला. तिने ओढणीचं टोक नाकातोंडावर दाबलं. खांदे दोनदा गदगदले, खोकताना होतात तसे. मग बधना हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मी डावा हात कापलाच नव्हता. तो हलणंच शक्य नव्हतं. हलला असता तर मागे पांढरं भोक दिसायला हवं होतं... तिथे झाडाचं एक पान होतं. जुन्या चित्रकाराच्या हातचं, शिरांसकट.

चाचांनीही ते पाहिलं. खिशातून मोबाइल काढत म्हणाले, "नसरीनला बरं नाही वाटतं, बेटा. लावून बघतो."

मी वैतागलेली होते. क्लासमधल्या कोणीतरी फाइलमध्ये चावटपणा केलाय असंच डोक्यात होतं. मी म्हणाले, "चित्राला खोकला झाला म्हणून पोरीला फोन करता का, चाचा?" आणि हसले. तेही ओशाळून हसले. मोबाइल परत खिशात गेला.

पाचपर्यंत मी ती चूक शोधत बसले. फाइलमध्ये चोवीसच चित्रं. व्हिडिओत खोकला नाही. अॅप काढलं, पुन्हा टाकलं. फोनमध्ये जागा नाही म्हणून नसरीनचा व्हिडिओही उडवला.

सहाच्या सुमारास चाचांना खामगावहून फोन आला. ती सकाळपासून औषध कालवत होती. दोनच्या सुमारास तिला मळमळलं, चक्कर आली. उन्हाचं असेल असं म्हणून, ओढणी तोंडाला लावून तिने पुढच्या बादल्या भरल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

फोन लावला असता तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. शेतात रेंज नसती, तिने उचललाही नसता. पण उचलायचा म्हटलं तरी हातातली बादली खाली ठेवावी लागली असती... बापाने आवाजावरून ओळखलं असतं. चाचा मला आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. हे लिहितानाही मला माझं ते हसणं ऐकू येतं आणि स्वतःची किळस येते.

फाइल मी पुण्यातल्या दोन जाणत्या मित्रांना पाठवली. त्यांच्याकडे पानाच्या छापील प्रतीवर ती नुसती पाणी घालते. मूळ पानावर मात्र अजून तसंच होतं — वाकते, सरळ होते, ओढणी तोंडाला लावते, उभी राहते. का, ते मला सांगता येत नाही. आता शोधतही नाही.

चाचांच्या घरात फोटो काढायची रीत नव्हती. चालती-बोलती नसरीन म्हणून तो एकच व्हिडिओ होता, तो मी उडवला. म्हणून दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा ते पान फडक्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतात. मागे एकदा म्हणाले, "तिला तो बधना खाली ठेवायला लाव ना, बेटा. थकली असेल."

मी नवी चोवीस चित्रं काढली. या वेळी डावा हातही कापला, मागचं झाडाचं पानही रंगवलं. कॉम्प्युटरवर ती वाकते, बधना जमिनीवर ठेवते, रिकाम्या हातांनी सरळ होते. चाचांच्या पानावर फोन धरला की ठेवत नाही. सतरा वेळा बदलून झालं. ठेवतच नाही.

चाचा फोनवर वाकून हळूच सांगतात, "ठेव, बेटा. ठेव खाली." आणि मी फोन धरून उभी राहते, बॅटरी संपेपर्यंत.