दोरीपलीकडचं गवत

अजूनही बायको आंघोळ करून आली की माझी नजर आधी तिच्या पायांकडे जाते. तिला ते आवडत नाही. मलाही आवडत नाही, पण राहवत नाही.

गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं इथे जपानात नागानोच्या डोंगरात एका पठारावर गेलो होतो. मुलगा शिकायला लांब गेल्यापासून आमचं इचिकावातलं घर सुट्टीच्या दिवशी खायला उठतं. पठारावर लाकडी फळ्यांची पायवाट होती, दोन्ही बाजूंना दोरी आणि दोरीपलीकडे कमरेएवढं गवत. त्या गवताच्या बुडाशी मला दूर्वा दिसल्या. इथे दूर्वांची दरवर्षी पंचाईत. गेल्या वर्षी तर आम्ही हिरव्या कागदाच्या कापून वाहिल्या होत्या.

माझा गुडघा दुखरा. म्हणून मी तिलाच म्हटलं, "जा ना, एक जुडी घेऊन ये."

तिने थ्री-फोर्थ पँट घातली होती. दोरीशी थांबून तिने विचारलं, "त्या पाटीवर काय लिहिलंय?"

पाटीवर एका काळ्या किड्याचं चित्र होतं, खाली बारीक जपानी अक्षरं. या देशात पावलोपावली सूचना. पायरी आहे, सांभाळा. दार बंद होतंय, सांभाळा. आठवडाभर ऑफिसात जपानी वाचून वैतागलेल्या मला त्या दिवशी एकही अक्षर नको होतं.

"नेहमीचंच. कचरा टाकू नका," मी म्हणालो.

"कोणी पाहिलं तर?"

"कोणी नाहीये. आटप लवकर."

ती गेली, गडबडीत मूठभर गवत उपटून आली.

संध्याकाळी घरी तिने न्हाणीघरातून हाक मारली. "अरे, इकडे ये. गुडघ्यामागे हा तीळ आधी होता का?"

मी चष्मा लावून पाहिलं. तिळाला पाय होते.

मी चक्क हसलो. लहानपणी मामाच्या गोठ्यात म्हशींच्या कानांतल्या गोचिडी मी नखांनी काढायचो.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"गोचिडीसाठी दवाखाना? हसतील आपल्याला."

"मी म्हैस नाहीये."

तरी तिने पाय पुढे केला. मी खोबरेल तेल चोपडलं, चिमटीत धरून पिरगाळलं आणि ओढलं. अर्धी निघाली. अर्धी काळ्या ठिपक्यासारखी कातडीतच राहिली. हातातली मी संडासात टाकून पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "किडा कुठे आहे?" मी सांगितलं. त्यांनी ते नुसतं लिहून घेतलं. जपानमध्ये याहून कडक बोलणी नसतात.

जागा बधिर करून त्यांनी उरलेला तुकडा कापून काढला. मग समजावलं. गोचीड दाबली, पिरगाळली, तर तिच्या पोटातलं उलट आपल्या अंगात जाऊ शकतं. त्या भागातल्या गोचिडींतून लाइम नावाचा आजार होतो. ताप आला किंवा लाली वर्तुळासारखी पसरली तर लगेच या. पुढच्या वेळी फिकट रंगाची पूर्ण पँट घाला, ती मोज्यांत खोचा, किडे पळवणारा फवारा मारा, घरी येऊन सगळं अंग तपासा. आणि चिकटलेली दिसली तर हात न लावता इथे या. शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

चाव्याभोवतीच्या लालीच्या कडेने मी बॉलपेनने रेघ मारली. रोज सकाळी मोबाइलचा टॉर्च लावून बघायचो. बायको बेंतोच्या दुकानात अरुबाइतो, म्हणजे तासांवर काम करते, जेवणाचे डबे भरत दिवसभर उभी असते. ऑफिसातून मी मेसेज करायचो, 'ताप?' एकदा तिचं उत्तर आलं, 'तुझ्या मेसेजनेच येईल.' मीटिंगमध्ये लोक बोलत असायचे आणि मी टेबलाखाली फोन बघत असायचो.

गणपतीच्या सकाळी तिने फ्रिजमधली जुडी सोडली. "अरे, दूर्वेला तीन पाती असतात. ही भलतीच काडी आहे!" पुन्हा कागद, पुन्हा कात्री. आरतीत तिने मला कोपराने ढोसलं. "बाप्पाकडे बघ. माझ्या पायाकडे काय बघतोस?"

अनंत चतुर्दशीच्या सुमाराला लालीने पेनची रेघ ओलांडली. मध्ये फिकट, कडेला लाल.

डॉक्टरबाईंनी रक्त घेतलं, गोळ्या लिहून दिल्या. पायवाट सोडून गेला होता का, त्यांनी विचारलं. तेव्हा मी जपानीत भरभर सगळं सांगून टाकलं. पाटी होती, चित्रही होतं. मी वाचली नाही, हिला खोटंच सांगितलं. बायकोला इतकं भरभर बोललेलं कळणार नाही, असा माझा हिशेब होता. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून तिची जपानी कुठवर पोचली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

स्टेशनपर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालली.

"कचरा टाकू नका, काय?" ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला. होतं की नाही?"

"होतं."

"मग?"

मी खिशात रेल्वेचा पास शोधायला लागलो.

गोळ्या संपल्या, वर्तुळ विरलं, ताप आला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता काळजी नको. मी करतोच. सांधे दुखतात का, थकवा वाटतो का, विचारत राहतो, आणि ती "वय झालंय माझं" म्हणून मला उडवून लावते.

रविवारी आम्ही अजूनही फिरायला जातो, दोघांच्याही पँटी मोज्यांत खोचलेल्या. पाटी आली की ती थांबते. बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचते, अडते, फोनमध्ये शोधते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मी सांगायचं नाही, पुढेही जायचं नाही, असं तिने बजावलंय. कडेचं गवत माझ्या घोट्यांना लागत असतं, पाय चुळबुळत असतात, आणि ती अजून दुसऱ्याच ओळीवर असते.